पोथी आणि देऊळ : ताओ पंथाच्या परिचयाची प्रस्तावना

इ. स. १२८१ मध्ये चीनचा मंगोल बादशहा कुब्लाईखान ह्याने असे फर्मान काढले, की ताओ पंथाचे म्हणून जेवढे ग्रंथ राज्यात असतील तेवढे सर्व, त्यांच्या छपाईच्या कोरीव फळ्यांसकट, जाळून टाकावेत; माफी फक्त एका लहानशा पोथीला, म्हणजे लाओत्सेच्या नावावर चालत आलेल्या ‘ताओ ते चिंग’ला. बौद्ध आणि ताओ ह्या दोन पंथांच्या पुरोहितांत मठांच्या मालकीवरून आणि ग्रंथांच्या खरेखोटेपणावरून दरबारात जे वाद झडले होते त्यांचा हा निकाल होता, आणि त्यापायी जे जळाले त्यातील पुष्कळसे कायमचे नाहीसे झाले. ह्या फर्मानाचा विचार करताना मला त्यातील आगीपेक्षा त्यातील अपवाद अधिक बोलका वाटत आला आहे. एका पोथीस मान द्यावा, आणि तिच्याभोवती ज्या लोकांनी हजार-अकराशे वर्षे देवळे, व्रते, औषधे, मंत्र आणि मृतांचे संस्कार उभे केले त्यांचे सारे वाङ्मय त्याज्य ठरवावे, हा न्याय कुब्लाईखानाबरोबर संपला नाही. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये गेलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तोच लावला. १८९१ साली ‘ताओ ते चिंग’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे जेम्स लेग हे मोठे व्यासंगी पंडित, पण त्यांच्याही लेखी पुढच्या काळातील ताओ धर्म हा मूळ विचाराचा ऱ्हासच होता. आजचा सुशिक्षित वाचक ती पोथी आवडीने विकत घेतो, तिच्यातील वचने वहीत उतरवून ठेवतो, आणि त्याच पंथाचा पुरोहित पिवळ्या कागदावर तांबड्या शाईने ताईत लिहिताना दिसला की ‘ही पुढे शिरलेली अंधश्रद्धा’ असे म्हणून मोकळा होतो. पोथी आणि देऊळ ह्यांची ही वाटणी मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हे पुस्तक लिहिले आहे.

प्रथम पोथीविषयी. सुमारे पाच हजार चिनी अक्षरांची आणि एक्याऐंशी लहान प्रकरणांची ही रचना लाओत्से नावाच्या, चौ राजांच्या दप्तरखान्यावर अधिकारी असलेल्या एका वृद्धाने, राज्याची उतरती कळा पाहून पश्चिमेकडे निघून जाताना सरहद्दीवरील नाकेदाराच्या आग्रहास्तव लिहून दिली, अशी परंपरा आहे. ही कथा नोंदवणारा इतिहासकार सिमा छ्येन हा इ. स. पू. १०० च्या सुमाराचा. त्यालाच ह्या पुरुषाविषयी खात्रीचे असे थोडेच ठाऊक होते, आणि त्याने आपला संशय झाकूनही ठेवला नाही. १९७३ साली हूनान प्रांतातील छांगशा शहराजवळ मावांगत्वी येथे, इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या एका कबरीत, रेशमावर लिहिलेल्या ह्या पोथीच्या दोन प्रती मिळाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी हूपै प्रांतात कुओत्यान येथे त्याहून जुन्या, बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेल्या, त्रुटित प्रती हाती आल्या. त्यांवरून असे दिसते, की ही पोथी एका बैठकीत एका हाताने लिहिली गेलेली नसून तिचे संकलन हळूहळू झालेले आहे.

तिचा विषय ताओ, म्हणजे ज्यापासून सर्व वस्तुजात निघते, ज्याच्या योगे चालते आणि ज्यात परत जाते ते तत्त्व. ते निर्गुण आहे, नामातीत आहे, आणि त्याला कोणतीही इच्छा नाही. म्हणून ज्याला त्याच्याशी सुसंगत असे जगावयाचे असेल त्याने बळजोरीची, हव्यासाची, दिखाऊपणाची कर्मे टाकून द्यावीत, पाण्याप्रमाणे खालची जागा पत्करावी, आणि आपल्या हातून जे व्हावयाचे ते सहजपणे होऊ द्यावे. राजालाही हाच उपदेश आहे; किंबहुना पोथीतील बराच भाग राज्यकर्त्यास उद्देशूनच आहे. इ. स. पू. चौथ्या शतकातील च्वांगत्से ह्याने हा विचार कथांतून, संवादांतून आणि अतिशय मोकळ्या कल्पकतेने पुढे नेला. बायको वारली असता तो जमिनीवर फतकल मारून भांडे बडवीत गात बसला होता, ही त्याची कथा निष्ठुरपणाची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः प्रथम आपणासही रडू आले हे तो तेथे कबूल करतो, आणि मग श्वासरूप झालेले जीवन पुन्हा ऋतूंसारखे विश्वात परतले हे ओळखून आपण रडणे थांबवले असे सांगतो. हा श्वास, चिनी भाषेत ‘छी’, पुढच्या सर्व विवेचनाची किल्ली आहे. आकाश आणि पृथ्वी, देव आणि माणूस, दगड आणि धुके हे सर्व एकाच छीचे कमीअधिक विरळ किंवा घट्ट झालेले रूप होय. यिन आणि यांग हे तिच्याच संकोच-विकासाचे दोन पक्ष. देव आणि माणूस ह्यांच्यामध्ये दुस्तर दरी नाही ही गोष्ट एकदा पत्करली, की देवळातील पुष्कळ विधी आपोआप समजू लागतात.

ह्या पोथीचा भारताशी एक जुना आणि खरा संबंध आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातून इ. स. ६४१ च्या सुमारास गेलेला आणि येथील लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन करून ठेवणारा चिनी प्रवासी ह्यूएनत्संग ६४५ मध्ये स्वदेशी परतला. कामरूपाचा राजा भास्करवर्मा ह्याने लाओत्सेच्या ग्रंथाविषयी उत्सुकता दाखविल्यावरून, दोन वर्षांनी, त्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करण्याची बादशाही आज्ञा ह्यूएनत्संगास झाली. त्या वेळचे थांग घराणे लाओत्सेला आपला मूळपुरुष मानीत असल्यामुळे ह्या कामास राजकीय प्रतिष्ठेचेही अंग होते. हाडाचा बौद्ध असलेला ह्यूएनत्संग आणि त्याच्या मदतीस दिलेले ताओ पंडित ह्यांच्यात पदोपदी खडाजंगी झाली. ते संस्कृत पुस्तक आज उपलब्ध नाही. ते असते तर आपल्या वेदान्ती पंडितांनी त्यावर काय भाष्य केले असते, ह्या विचाराने मन हुरहुरते.

आता देवळाकडे वळतो. इ. स. १४२ मध्ये सेचुआनमधील हमिंग डोंगरावर चांग ताओलिंग नावाच्या साधकास, तोपर्यंत देवपदास पोचलेल्या लाओत्सेचे दर्शन झाले आणि नव्या पंथाची सनद मिळाली, अशी श्रद्धा आहे. संघटित ताओ धर्माचा प्रारंभ येथून धरतात. हान साम्राज्य डळमळत होते. १८४ मध्ये पूर्वेकडे चांग च्युए ह्याच्या पिवळ्या फेट्यांच्या अनुयायांनी बंड केले आणि ते रक्तात बुडाले. सेचुआनकडील पंथाने मात्र बंडाऐवजी वस्ती उभी केली. चांग ताओलिंगाच्या नातवाने, चांग लूने, हानचुंग खोऱ्यात दोन तपांहून अधिक काळ जो कारभार चालवला त्याचे वर्णन समकालीनांच्या जवळच्या इतिहासात सापडते, आणि ते मी जितक्या वेळा वाचतो तितका आदर वाढतो. अनुयायांचे चोवीस परगणे पाडलेले होते, प्रत्येक कुटुंबाची नोंद होती, आणि दर वर्षी पाच मापे तांदूळ पंथाच्या कोठारात जमा करावयाचे, ज्यावरून विरोधकांनी पंथास ‘पाच मापांचे’ हे नाव दिले. रस्त्यावर धर्मशाळा बांधून त्यांत तांदूळ आणि मांस टांगून ठेवीत. वाटसरूने पोटापुरते घ्यावे, अधिक घेतल्यास देवता त्याला आजारी पाडतील. किरकोळ गुन्हा करणाऱ्याने शंभर पावले रस्ता दुरुस्त करावा. आजारी माणसाने एकान्त खोलीत बसून आपली पापे आठवावीत आणि त्यांचा कबुलीजबाब तीन प्रतींत लिहून द्यावा, ज्यांपैकी एक प्रत आकाशाच्या अधिकाऱ्यासाठी डोंगरावर ठेवावयाची, दुसरी पृथ्वीच्या अधिकाऱ्यासाठी पुरावयाची आणि तिसरी जलाच्या अधिकाऱ्यासाठी पाण्यात सोडावयाची. पशुबळी बंद; देव खात नाहीत, पीत नाहीत, आणि गुरूने दक्षिणा घेऊ नये, असा दंडक होता. इ. स. २१५ मध्ये चांग लूने सेनापती त्साओ त्साओ ह्याच्यापुढे शरणागती पत्करली, आणि त्यामुळेच हा पंथ नष्ट न होता उत्तरेत सर्वत्र पसरला.

देवास लेखी अर्ज करण्याची ही पद्धत ताओ धर्माचा कणा आहे. त्या धर्माचा स्वर्ग म्हणजे एक विस्तीर्ण कचेरी आहे. तिच्या शिरोभागी यूहुआंग हा रत्नसम्राट, ज्याचा जन्मदिवस चिनी पहिल्या महिन्याच्या नवमीस साजरा करतात; त्याच्या हाताखाली तारे, पर्वत, नद्या, मेघगर्जना, साथी, परीक्षा आणि संपत्ती ह्यांची निरनिराळी खाती; प्रत्येक शहरावर छंगहुआंग हा तटदेव नेमलेला, आणि प्रत्येक खेड्यावर थूती कुंग हा भूमीचा म्हातारा. तटदेव हा बहुधा एखादा निःस्पृह मुलकी अधिकारी मृत्यूनंतर त्या जागी तैनात झालेला असे. मिंग राजवटीत नव्या जिल्हाधिकाऱ्यास रुजू होण्यापूर्वी त्याच्या देवळात उपोषण करून शपथ घ्यावी लागे, कारण एकाच हद्दीत दिसणारा कारभार माणसाकडे आणि न दिसणारा देवाकडे, अशी ती जोडी होती. फुच्येन किनाऱ्याजवळील मैचौ बेटावर इ. स. ९६० मध्ये जन्मलेली म्हणून जिची आख्यायिका आहे त्या लिन मो नावाच्या कोळ्याघरच्या मुलीस, समुद्रात बुडणाऱ्यांस वाचविण्याच्या कीर्तीमुळे, एकामागून एक राजवटींनी बढत्या देत देत अखेर स्वर्गाच्या राणीच्या पदास नेले; तीच मात्सू, दक्षिण चीनच्या दर्यावर्दी लोकांची आई.

ह्या कचेरीचे बातमीदार घराघरांत असतात. चुलीवर भिंतीस चिकटवलेल्या कागदी चित्रात वास करणारा त्झाओ चून वर्षभर कुटुंबाचे वागणे पाहतो, आणि बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या किंवा चोविसाव्या तिथीस स्वर्गात जाऊन त्याचा अहवाल रत्नसम्राटास सादर करतो. त्या संध्याकाळी घरची मंडळी त्याच्या ओठांस मध किंवा चिकट गोड पदार्थ लावतात, चित्र जाळून त्याला निरोप देतात, आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री नवे चित्र लावून पुन्हा त्याची स्थापना करतात. त्याहून जवळचे साक्षीदार देहातच आहेत: मस्तकात, छातीत आणि पोटात राहणारे तीन कृमी, जे साठ दिवसांच्या चक्रातील कङ्शन नावाच्या रात्री, माणूस झोपला असता, बाहेर पडून त्याच्या अपराधांची फिर्याद वर नेतात आणि त्याचे आयुष्य कमी करवितात. म्हणून साधक ती रात्र जागून काढीत. ह्याला भोळेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु आपल्या गुपिताचा साक्षी आपल्याच शरीरात बसला आहे ही जाणीव ज्याने निर्माण केली त्याला माणसाच्या मनाची पारख निश्चित होती.

निर्गुण ताओ कोठे आणि ही मोहोरबंद अर्जांची कचेरी कोठे, असे वाचकास येथे वाटेल. ह्याचे उत्तर देवघराच्या मांडणीत आहे. वर सांगितलेल्या सर्व देवांच्या वर, रत्नसम्राटाच्याही वर, तीन ‘शुद्ध’ आहेत: यूआनशी, लिंगपाओ आणि ताओते, ज्यांतील तिसरा म्हणजे लाओत्से. हे कोणास पदे वाटीत नाहीत आणि त्यांना लोक नवस करीत नाहीत. विश्व निर्माण होण्यापूर्वी आद्य छी ज्या तीन अवस्थांतून उलगडत गेली त्या अवस्थाच त्यांच्या रूपाने चित्रित केलेल्या आहेत. तैवानात देऊळ नवे बांधले किंवा दुरुस्त केले म्हणजे कित्येक दिवस चालणारा च्याओ नावाचा महोत्सव करतात. त्या वेळी गावच्या देवाची मूर्ती तिच्या नेहमीच्या जागेवरून उठवून समोरच्या बाजूस पाहुण्यासारखी बसवतात, आणि रिकाम्या झालेल्या उत्तरेकडील मानाच्या स्थानी तीन शुद्धांची चित्रे टांगतात. बाहेर अंगणात नाटके, मेजवान्या, गर्दी. आत दारे लावून पुरोहित आणि वादक. वर्गणी देणाऱ्या कुटुंबांची नावे, गावचा पत्ता, तिथी आणि विनंती असा रीतसर लिहिलेला, मोहोर केलेला अर्ज वाचून दाखविला जातो. मग मुख्य पुरोहित सप्तर्षींच्या आकृतीवर पावले टाकीत चालतो, आणि नंतर कपाळ जमिनीस टेकवून गुडघ्यांवर निश्चल पडून राहतो. त्या स्तब्धतेत तो आपल्या देहातील देवता एकेक करून जागृत करतो, त्यांच्याबरोबर आपल्याच अंतरंगातील आकाश चढून जातो, आणि अर्ज तेथे दाखल करून परत येतो. मग तो कागद जाळतात. पोथी ज्या शून्याविषयी बोलते ते शून्य येथे पुरोहिताने प्रत्यक्ष व्हावयाचे असते; ते त्याला साधले नाही तर अर्ज पोचला नाही असेच त्याची परंपरा मानते. निर्गुण-सगुणाचा संवाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकास हे पाश्चात्त्य पंडितापेक्षा लवकर उमगावे.

ह्या देवतांपैकी एकाचे दर्शन मुंबईतच घडू शकते. माझगावात, गोदीच्या परिसरात, क्वांगतुंगहून आलेल्या चिनी खलाशांच्या समाजाने १९१९ साली बांधलेले सी यूप कून हे लहानसे देऊळ आहे. तेथे क्वान कुंग, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर शत्रूच्या हाती मारला गेलेला आणि शब्दाला जागणारा वीर म्हणून देवत्व पावलेला सेनापती, पुजला जातो, आणि बौद्धांची करुणादेवी क्वानयिनही. एकाच छपराखाली दोन पंथांच्या देवता असण्यात भाविकास काही विसंगत वाटत नाही, आणि चीनमध्येही सामान्य माणसाने ही कुंपणे कधी फारशी पाळली नाहीत.

साधनेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण अमरत्वाचा शोध ही ताओ पंथाची सर्वात प्रसिद्ध आणि सर्वात बदनाम बाजू आहे. हिंगूळ आणि पारा ह्यांपासून दिव्यौषधी करण्याच्या नादात पुष्कळ प्राण गेले. थांग घराण्यातील एकाहून अधिक बादशहांस ह्या औषधांनी अपाय केला. गंधक आणि सोरा मधाबरोबर तापविल्याने हात-तोंडे भाजल्याचा आणि घर जळाल्याचा इशारा एका ताओ ग्रंथात आहे, आणि बंदुकीच्या दारूचा शोध ह्याच भट्ट्यांपाशी लागला. पुढे ही भट्टी देहाच्या आत गेली. वीर्य, श्वास आणि चैतन्य ह्या तीन द्रव्यांचे ध्यानाने शोधन करून, वाया जाणारा प्रवाह पाठीच्या कण्यातून उलटा वर नेण्याची ही विद्या पाहताना ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन आठवल्याशिवाय राहत नाही. कोणी कोणापासून घेतले हा वाद मी येथे काढीत नाही. बीजिंगमधील श्वेतमेघ मठात १८८६ साली कोरलेली एक शिला आहे, जिच्यावर बैठक मारलेल्या माणसाचा देह एका निसर्गदृश्याच्या रूपाने दाखविला आहे. मस्तकाच्या जागी नऊ सुळक्यांचा पर्वत. कण्याच्या जागी खालून वर जाणारी डोंगरी वाट. मूत्रपिंडापाशी सूत काढणारी विणकरीण. पोटात बैल घेऊन जमीन नांगरणारा शेतकरी. आणि अगदी तळाशी, कण्याच्या टोकाला, एक मुलगा आणि एक मुलगी पायरहाट चालवून पाणी वर चढवीत आहेत. सगळे विश्व कचेरी आहे असे सांगणारा धर्म येथे सगळा देह शेत आहे असे सांगतो, आणि दोन्हीकडे काम एकच: जे आपोआप खाली वाहते त्याची निगा राखून ते उगमाकडे परतविणे.

त्याच मठात छ्यू छूची ह्या सत्पुरुषाची समाधी आहे. वांग छुंगयांग (१११३–११७०) ह्याने स्थापिलेल्या, ब्रह्मचर्य आणि भिक्षावृत्ती पाळणाऱ्या छ्वानचेन संघाचा हा अग्रणी. जगज्जेत्या चेंगीझखानास त्याच्याजवळ अमरत्वाचे औषध असल्याची बातमी लागली, आणि त्याने बोलावणे धाडले. सत्तरी उलटलेला हा वृद्ध शांतुंग प्रांतातून १२२० मध्ये निघाला, मंगोलियाची पठारे आणि समरकंद ओलांडून १२२२ मध्ये हिंदुकुश पर्वतातील छावणीत पोचला. खानाने पहिल्याच भेटीत औषधाची चौकशी केली. आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, मृत्यू टाळणारे औषध नाही, असे त्याने सरळ सांगितले. ज्याच्या एका शब्दावर शहरे उजाड होत होती त्याच्या तोंडावर हे सत्य बोलणे, आणि नंतर त्याला हत्या आवरण्याचा व संयमाचा उपदेश करणे, ह्याला जे धैर्य लागते ते पोथीतील मृदुतेच्या शिकवणीतूनच आले असले पाहिजे, असे मला वाटते. खान रागावला नाही. उलट त्याने संघास करमाफी दिली. त्या सवलतीच्या जोरावर पुढच्या पिढीतील शिष्यांनी बौद्धांचे मठ बळकावले, आणि त्याच वैरातून, चेंगीझच्या नातवाच्या अमदानीत, १२८१ चे ते फर्मान निघाले, हा इतिहासही लपविण्याचे कारण नाही.

आगीनंतर जे उरले ते मिंग राजांनी गोळा करवून १४४५ मध्ये छापविले: सुमारे दीड हजार ग्रंथ. त्याच्या अत्यंत थोड्या प्रती टिकल्या. श्वेतमेघ मठातील प्रतीवरून शांघायमध्ये १९२३ ते १९२६ ह्या काळात पुनर्मुद्रण झाले, तेव्हा कोठे हा वाङ्मयसागर मठाबाहेरच्या अभ्यासकांस खुला झाला. तो समग्र वाचावयास घेणाऱ्या पहिल्या पाश्चात्त्यांपैकी आंरी मास्पेरो हा फ्रेंच पंडित १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावला, आणि त्याचे ताओ धर्मावरील लेखन १९५० साली मागाहून प्रसिद्ध झाले. त्याच परंपरेतील डच विद्वान क्रिस्टोफर स्किपर ह्यांनी तैवानात राहून स्वतः पौरोहित्याची दीक्षा घेतली. देवळातील विधीच्या हस्तलिखितांत आणि १४४५ च्या संग्रहात शतकानुशतकांचा अखंड धागा आहे हे ह्या पिढीने दाखवून दिले. आज छ्वानचेन संघाचे मठवासी आणि च्यांगशी प्रांतातील ‘ड्रॅगन-व्याघ्र’ पर्वताशी निष्ठा ठेवणारे, संसारी, चंग-ई परंपरेचे पुरोहित अशा दोन मुख्य शाखा नांदत आहेत. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली आणि मोडलेली अनेक देवळे पुन्हा उभी राहिली आहेत.

ह्या पुस्तकाची मांडणी नेहमीच्या क्रमाच्या उलट केली आहे. प्रथम च्याओ महोत्सवाचे आणि मृताच्या संस्कारांचे वर्णन येते, मग देवता, मग देहसाधना, आणि सर्वात शेवटी ‘ताओ ते चिंग’ व च्वांगत्से. पोथी आधीपासून ज्यांच्या परिचयाची आहे त्यांनीही कृपया ह्याच क्रमाने वाचावे. तिथी चिनी चांद्रपंचांगाच्या आहेत. चिनी नावे उत्तरेकडील उच्चाराप्रमाणे दिली असून, जी मराठीत पूर्वीपासून रूढ आहेत ती तशीच ठेवली आहेत.